बीव्हरक्रीकची बादली आणि पिवळं यंत्र

१ मे २००० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एक निर्णय जाहीर केला. जीपीएस उपग्रहांच्या नागरी संकेतात लष्कर मुद्दाम जी चूक मिसळत होतं, ती त्या रात्रीपासून बंद होणार होती. पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र झाली तेव्हा आमच्या ओरेगनमध्ये रात्रीचे नऊ वाजले होते. त्या घटकेला बोटींवरची, विमानांतली, गिर्यारोहकांच्या पिशव्यांतली सगळी जीपीएस यंत्रं एकदम अचूक झाली. कुणी नवं काही विकत घेतलं नव्हतं की जुनं दुरुस्त केलं नव्हतं. आदल्या दिवशी शंभर मीटरपर्यंत चुकणारं यंत्र आता दहा-वीस मीटरांत जागा दाखवू लागलं.

दोनच दिवसांनी, ३ मेला, डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक गावाच्या बाजूला, रस्त्याकडेच्या झाडीत एक काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. तिच्यात पुस्तकं, व्हिडिओ, नकाशांचं सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि शिजवलेल्या बीन्सचा एक बंद डबा होता. सोबत वही आणि पेन्सिल. जागेचे आकडे त्याने जगजाहीर केले: उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटं, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटं. नियमही साधा होता. शोधा, काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, वहीत लिहा. माइक टीग हा ती पहिल्यांदा शोधणारा माणूस काही दिवसांतच तिथे पोहोचला. महिनाअखेरीस मॅट स्टम याने या उद्योगाला जिओकॅशिंग हे नाव सुचवलं आणि सप्टेंबरात सिएटलच्या जेरेमी आयरिश याने लपवलेल्या डब्यांची यादी एका ठिकाणी आणली. तेव्हा साऱ्या जगात मिळून असे ७५ डबे होते.

मी बीव्हरक्रीकपासून फार लांब राहत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे साताऱ्याहून बीव्हर्टनला आलो, कामाचा परवाना मिळाला आणि मी कॅम्पिंगच्या सामानाच्या एका दुकानात काउंटरवर उभी राहिले. तंबू आणि बुटांच्या मधल्या काचेच्या कपाटात जीपीएस यंत्रं असायची. त्या कपाटाची किल्ली वर्षानुवर्षं माझ्याकडे होती. आई-बाप मुलांना घेऊन यायचे आणि विचारायचे, आमच्यासाठी पहिलं यंत्र कुठलं, आणि स्वस्तातलं चालेल का? चालेल, हेच माझं उत्तर असायचं आणि आजही आहे. स्वस्तातलंच घ्या. का, ते नीट सांगायचं तर या यंत्राचा इतिहास सांगावा लागतो. महाग यंत्राने जे जास्तीचं मिळतं, त्यातलं फार थोडं शोधाच्या शेवटच्या तीस फुटांत कामाला येतं.

जीपीएसचं काम अमेरिकेच्या संरक्षण खात्यात १९७३ला सुरू झालं आणि पहिला उपग्रह १९७८च्या फेब्रुवारीत वर गेला. हेतू सरळ लष्करी होता. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचं ००७ क्रमांकाचं विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. त्याच महिन्यात अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केलं की ही व्यवस्था तयार झाली की नागरी वापरासाठी ती मोकळी असेल. काउंटरवर हसतखेळत यंत्र निवडणाऱ्या मुलांना मी हे सहसा सांगत नसे. मोठ्यांना मात्र सांगायचे. ज्या सोयीचे आपण पैसे देत नाही, तिच्यामागे काय घडलं होतं ते ठाऊक असावं.

हातात धरून वापरायचं, लोकांना विकत मिळणारं पहिलं यंत्र १९८९ साली आलं. कॅलिफोर्नियातल्या मॅगेलन कंपनीचं नॅव्ह १०००. किंमत जवळजवळ तीन हजार डॉलर आणि वजन दीड पौंड. ते घेणारे लोक मुख्यतः बोटीवाले. तेव्हा आकाशात उपग्रहही पुरेसे नव्हते, त्यामुळे दिवसाचे काही तासच जागा कळायची. त्याच वर्षी कॅन्ससमध्ये गॅरी बरेल आणि मिन काओ या दोन अभियंत्यांनी एक कंपनी काढली. दोघांच्या नावांच्या सुरुवातीची अक्षरं जोडून पुढे तिचं नाव गार्मिन झालं.

१९९१च्या आखाती युद्धात वाळवंटात खुणेला झाड नाही की टेकडी नाही, आणि लष्कराकडे स्वतःची यंत्रं कमी. म्हणून हजारोंनी नागरी यंत्रं विकत घेतली गेली. काही सैनिकांच्या घरच्यांनी तर दुकानातून घेऊन टपालाने पाठवली. ती यंत्रं सैनिकांच्या उपयोगी पडावीत म्हणून मुद्दाम मिसळलेली चूक युद्धापुरती काढून टाकावी लागली. युद्ध संपल्यावर चूक परत आली आणि २००० सालापर्यंत राहिली.

ती चूक काय होती हे आज फोनवरचा निळा ठिपका बघणाऱ्याला कळायचं नाही. माणूस एका जागी स्थिर उभा असला तरी पडद्यावरचे आकडे हलत राहायचे. आता तुम्ही कुंपणापाशी आहात, दोन मिनिटांनी शेजारच्या गल्लीत. खोल समुद्रातल्या बोटीला शंभर मीटरने काही फरक पडत नाही. झाडाच्या मुळाशी ठेवलेल्या डब्याला पडतो. शोधाचा खेळ तसा जुनाच. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली क्रॅनमियर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली होती. तिथपर्यंत चालत येणारे लोक तीत आपलं कार्ड टाकून जात. पुढे त्या रानात असे शेकडो डबे झाले, शिक्के आले, कूट वाक्यांतून वाट सांगायची पद्धत आली. पण ते सगळं वर्णनावर चालायचं. नुसते आकडे देऊन परक्या माणसाला एका बादलीपाशी आणून उभं करणं २ मे २०००च्या आधी जमण्यासारखं नव्हतं.

गार्मिनचं पिवळं ईट्रेक्स त्याच वर्षी बाजारात आलं होतं. बादलीसाठी ते मुळीच बनवलं नव्हतं. शिकारी, मासे पकडणारे, डोंगरात हिंडणारे यांच्यासाठी बनवलं होतं. पण चूक बंद झाल्यावर शंभर-सव्वाशे डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने पाचेक हजार रुपयांना, एका सामान्य कुटुंबाला दहा-पंधरा मीटरांतली जागा खिशात घेऊन फिरता येऊ लागलं. अकरा वर्षांपूर्वी तीन हजार डॉलरला यापेक्षा कमी मिळत होतं.

ते यंत्र मी डोळे मिटूनही सांगू शकते. मुठीत मावणारं, सेल घालून दीडशे ग्रॅम. कडेने रबराची पट्टी, त्यामुळे ओल्या हातातून निसटत नाही. समोर एकही बटण नाही, फक्त करडा पडदा. डाव्या कुशीला तीन बटणं, उजवीला दोन. मागचं झाकण वळवून काढायचं की आत दोन पेन्सिल सेल. त्यावर ते बावीस तास चालेल असं कंपनी सांगायची. पावसात भिजलं, चिखलात पडलं, तर नळाखाली धुवायचं. नकाशा नाही. रंग नाही. होकायंत्र नाही, आणि या एका गोष्टीमुळे जितक्या लोकांनी ते बिघडलं म्हणून परत आणलं, तितक्यांनी खऱ्या बिघाडामुळेही नसेल आणलं. पडद्यावर बाण दिसतो, पण तो चालतानाच खरा. तुम्ही थांबलात की तोंड कुठल्या दिशेला आहे हे यंत्राला कळत नाही आणि बाण वाट्टेल तिकडे फिरतो. मी त्यांना दुकानाबाहेर पार्किंगमध्ये न्यायचे, चालायला सांगायचे, बाण सरळ झाला की ते यंत्र घेऊन समाधानाने घरी जायचे.

आकडे भरणं हा त्यातला कष्टाचा भाग. डावीकडचं खालचं बटण दाबून धरायचं, मग हातात झेंडा घेतलेला एक छोटा माणूस पडद्यावर यायचा. त्याखालचे आकडे वर-खाली बटणांनी एकेक करून बदलायचे. एक डबा भरायला दोन मिनिटं सहज जायची. संगणकाला जोडायची तार मिळायची, पण ती वेगळी विकत घ्यावी लागे. बहुतेक घरांत हे काम मुलांकडे जायचं, आणि मी म्हणेन की बरंच झालं. अंश, मिनिट, मिनिटाचे हजारावे भाग आठ वर्षांच्या मुलाच्या बोटाखालून गेले की अक्षांश म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवायची गरज उरत नाही. मिनिटाचा एक हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण सहा फूट. आमच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम मोजला तर सव्वाचार फूट, कारण ध्रुवाकडे जावं तशा रेखांशाच्या रेषा जवळ येतात. शेवटचा आकडा चुकला तर काही बिघडत नाही. दशांश चिन्हानंतरचा पहिला चुकला तर डबा पार्किंगच्या पलीकडच्या ओढ्यात दिसतो.

दुसरी अडचण डेटमची, म्हणजे आकडे कुठल्या मोजणीवर बेतले आहेत त्याची. अमेरिकेचे जुने कागदी नकाशे १९२७च्या मोजणीवर बेतलेले आहेत आणि जीपीएस १९८४च्या जागतिक मोजणीवर. यंत्राच्या मेन्यूत दोन्ही पर्याय असत. हौशी बाबा कागदी नकाशाशी जुळावं म्हणून १९२७ची मोजणी निवडून ठेवायचे आणि मग रविवारभर सगळं घर डब्यापासून शंभर मीटरच्या आसपास लांब उभं राहून झुडपं उपसायचं. विकताना मी स्वतः मेन्यू उघडून ती नोंद तपासून द्यायचे. जुने भारतीय टोपोशीट घेऊन सह्याद्रीत हिंडणाऱ्यांनाही हेच सांगेन: ते एव्हरेस्टच्या मोजणीवर आहेत, यंत्राचे आकडे त्यांवर जसेच्या तसे उतरवू नका.

आणि आमची झाडं. ओरेगनच्या पश्चिम भागात ऑक्टोबर ते मे पाऊस असतो आणि रानात डग्लस फर आणि सीडर दीड-दोनशे फूट वाढतात. ओल्या पालवीखाली उपग्रहांचा क्षीण संकेत विरतो. ईट्रेक्सचा अँटेना चपटा होता, म्हणून ते तळहातावर आडवं धरावं लागे. मॅगेलनच्या यंत्रांचा अँटेना पिळाचा, ती उभी धरायची. झाडीत मॅगेलन बरं चालतं असं जाणकार गिऱ्हाइकं म्हणायची आणि मलाही तसाच अनुभव होता. तरी लहान मुलांच्या घराला मी ईट्रेक्सच द्यायचे. ते हातात बसतं, आणि बटणं पाचच.

एका उन्हाळ्यात माझे सासरे आमच्याकडे राहायला आले. ते भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले भूकरमापक. सातारा-कोरेगावच्या शिवारात उभा जन्म साखळी ओढण्यात गेलेला. माझ्या लेकीने त्यांच्या हातात पिवळं यंत्र दिलं आणि आम्ही तिघं इथल्या ट्युअलटिन हिल्सच्या रानात गेलो.

“हे चुकतं किती?” त्यांचा पहिला प्रश्न.

“तीसेक फूट धरा, बाबा. झाडाखाली जास्त.”

“म्हणजे एक साखळी.”

शंकू साखळी तेहेतीस फुटांची असते, तिचे सोळा आणे, आणि तेहेतीस बाय तेहेतीस म्हणजे एक गुंठा. मी इतकी वर्षं ही यंत्रं विकत होते, पण चुकीचा आकार इतका नेमका मला कुणी सांगितला नव्हता. यंत्र तुम्हाला एका गुंठ्यात आणून सोडतं. “हद्द कायम करायला हे कामाचं नाही,” ते म्हणाले, “पण गट सापडला की पुढचं आपलं आपण बघायचं असतं.”

यंत्रावर अठरा फूट दिसू लागलं आणि बाण फिरायला लागला तसं त्यांनी ते नातीच्या हातात परत दिलं. मग काही वेळ ते नुसते उभे राहिले. लेक फर्नच्या पानांखाली हात घालत होती, मी कुजलेल्या ओंडक्याच्या टोकाला वाकून बघत होते. ते म्हणाले, “अगं, तिकडे बघ. काटक्या एका ओळीत पडल्यात. रानात काटक्या अशा पडत नाहीत.” सीडरच्या दोन मुळांच्या बेचक्यात हातभर लांबीच्या सात-आठ काटक्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. त्या बाजूला केल्यावर हिरवा लष्करी पेटीचा पत्रा दिसला. दारूगोळ्याच्या जुन्या पेट्या या खेळात फार वापरतात, झाकणाला रबर असतं म्हणून आत पाणी जात नाही. वहीत सासऱ्यांनी मोडी वळणाच्या देवनागरीत नाव, गाव आणि तारीख लिहिली. पेटीतून लेकीने एक रबरी बेडूक घेतला आणि आम्ही गणपतीचं छोटं पितळी किचेन ठेवलं. काटक्या मात्र होत्या तशाच त्यांनी रचायला लावल्या, कारण दुसऱ्याच्या खुणा हलवायच्या नाहीत.

तेव्हापासून काउंटरवर मी एका गुंठ्याचं सांगू लागले. अमेरिकन माणसाला गुंठा ठाऊक नसतो, म्हणून दुकानातल्या फरशीवर तेहेतीस फूट चालून दाखवायचे. इतक्या जागेत यंत्र आणून सोडेल. दोनशे डॉलरचंही आणि शंभरचंही. पुढे डोळे तुमच्या मुलांचे.

२००३ ते २००८ ही या धंद्याची भरभराट. कंपन्यांना कळलं होतं की शोधकरी कुटुंब हे वेगळं गिऱ्हाईक आहे. गेको नावाचं ईट्रेक्सहूनही छोटं यंत्र आलं. रंगीत पडद्याची, नकाशांची, आतच होकायंत्र आणि उंचीमापक असलेली यंत्रं आली. २००६ला आलेलं गार्मिनचं ६०सीएसएक्स चारशे-पाचशे डॉलरला जायचं आणि त्यातली नवी चिप दाट झाडीतही संकेत सोडत नसे. ते यंत्र उत्तम होतं यात वाद नाही. रोज रानात असणाऱ्या वनखात्याच्या माणसाला मी तेच दिलं असतं. पण महिन्यातून दोन रविवार निघणाऱ्या आणि सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्यांच्या खाली यंत्र टाकणाऱ्या घराने त्यासाठी चार पट पैसे घालावेत असं मला कधी वाटलं नाही. मग त्याच पिवळ्या डब्यात जास्त संवेदनशील रिसीव्हर घालून ईट्रेक्स एच आलं, पुन्हा शंभर डॉलरच्या घरात. माझ्या मते पैशाच्या मानाने कुटुंबाला मिळालेलं ते सगळ्यात चांगलं यंत्र. ओल्या फरखाली जुनं ईट्रेक्स गप्प बसायचं तिथे हे बोलत राहायचं. बाण आणि आकडे भरायचे कष्ट तेच, पण पन्नास फुटांवरून शोध सुरू होण्याऐवजी वीस-पंचवीस फुटांवरून व्हायचा.

त्या काळात प्रत्येक डब्याचं वर्णन घरून कागदावर छापून न्यावं लागे. खाली एक इशारा असायचा, पण उघड्या भाषेत नाही. इंग्रजीची सव्वीस अक्षरं मधोमध कापून वरच्या तेराखाली दुसरी तेरा लिहायची, आणि अक्षराच्या जागी त्याच्या समोरचं अक्षर वाचायचं. मुलं बोनेटवर कागद पसरून पेन्सिलीने ते सोडवत बसायची. २००८ला गार्मिनने कोलोरॅडो आणि मग आमच्या राज्याच्या नावाचं ओरेगन अशी यंत्रं काढली. त्यांत सगळं वर्णन, इशारा, आधीच्या लोकांच्या नोंदी आतच भरता यायच्या. कागद गेला. किंमत मात्र पुन्हा चारशे-पाचशेकडे. स्वस्तात तीच सोय यायला २०११ उजाडलं. ईट्रेक्स १०, तेच पिवळं, दोन पेन्सिल सेलवर पंचवीस तास, अमेरिकेच्या जोडीला रशियाचे उपग्रहही धरणारं, आणि वर्णन आत साठवणारं. तार साधी यूएसबीची. मधे २००९च्या सुमारास मुलांसाठी म्हणून जिओमेट ज्युनियर नावाचं शंभर डॉलरच्या आतलं यंत्र आलं होतं. त्यात लपवलेल्या जागा आधीच भरलेल्या असत, मुलाने सुरू करून चालायला लागायचं. कल्पना सुरेख होती. पण मला त्यातली ही सोयच थोडी खटकायची. आकडे भरायचं काम मुलांच्या हातून जात होतं.

मग फोन आले. जुलै २००८ला आयफोन ३जीमध्ये जीपीएस होतं आणि त्याच वर्षी या खेळाचं अ‍ॅपही निघालं. पहिले फोन रानात चाचपडायचे, बॅटरी दुपारी संपायची. चार-पाच वर्षांत ते सुधारले आणि आमचं काचेचं कपाट आधी अर्धं झालं, मग एका फळीवर आलं. विचारणारे येतच होते, पण प्रश्न बदलला. कुठलं घेऊ, याऐवजी मुळात घेऊ का?

माझं उत्तर मुलांच्या वयावर अवलंबून असे. मुलं मोठी असतील, शहरातल्या बागांतले डबे शोधायचे असतील, तर फोन भरपूर झाला, पैसे घालू नका. मुलं सहा ते बारा वर्षांची असतील आणि तुम्ही रानात जाणार असाल तर वेगळं यंत्र घ्या. आठशे डॉलरचा फोन आई-बाप मुलाच्या हातात देत नाहीत. दिला तरी मागे मागे “जपून, जपून” करत चालतात, आणि मग वाट दाखवणारा मोठा आणि मागून येणारा छोटा असं होऊन बसतं. पिवळं यंत्र दगडावर पडलं तर उचलायचं आणि पुसायचं. वाट मूल दाखवतं. रेंज नसली तरी ते चालतं, उन्हात पडदा उलट जास्त स्पष्ट दिसतो, सेल गावातल्या कुठल्याही दुकानात मिळतात. आज नवं घ्यायचं तर २०२३ला दीडशे डॉलरला आलेलं ईट्रेक्स एसई आहे. फोनशी ब्लूटूथने जुळतं आणि दोन सेलवर शंभर तासांहून जास्त चालतं. त्यावरच्या श्रेणीतलं पहिल्या यंत्रासाठी काहीही घेऊ नका.

पण मी आधी वापरलेलं बघायला सांगते. ईट्रेक्स एच किंवा ईट्रेक्स १० शेजारच्या गॅरेज सेलमध्ये पंधरा-वीस डॉलरला मिळून जातं. घेताना तीन गोष्टी बघा. मागचं झाकण काढून सेलच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर आहे का ते पाहा, असेल तर ठेवून द्या. बटणांवरचं रबर चिरलेलं नसावं, तिथूनच पाणी आत जातं. आणि बाहेर उघड्यावर नेऊन सुरू करा. बरेच दिवस बंद असलेलं यंत्र उपग्रह शोधायला दहा-पंधरा मिनिटं घेऊ शकतं, तेवढा वेळ विकणाऱ्याशी गप्पा मारा. तारीख चुकीची दाखवत असेल तर घाबरू नका. जीपीएस आठवडे मोजतं आणि १०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ला ती तशी आली तेव्हा बरीच जुनी यंत्रं वीस वर्षं मागे गेली. जागा ती सहसा बरोबरच दाखवतात. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ची.

सुट्टीत भारतात जाताना नेणार असाल तर एक लक्षात ठेवा. नुसतं जीपीएस घेणारं यंत्र वेगळं आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं वेगळं. हल्ली दोन्ही दिसायला सारखी असतात आणि एकाच कंपनीची असतात. संदेश पाठवणारं यंत्र भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही, विमानतळावर त्यापायी लोक अडकले आहेत. पिवळ्या ईट्रेक्समध्ये पाठवायची सोयच नाही.

अल्मरची बादली आता बीव्हरक्रीकला नाही. तिच्या जागी २००३ साली एक फलक बसवला. ती शोधताना सापडलेला बीन्सचा डबा मात्र जपला गेला आणि शोधकऱ्यांच्या मेळाव्यांतून तो फिरला. फलकापाशी आजही माणसं येतात, बहुतेकांच्या हातात फोन असतो.

तुमच्या घरात एखाद्या खणात असं पिवळं यंत्र पडून असेल, तर आज उठून त्यातले सेल काढा. गळलेल्या सेलने जितकी यंत्रं मेली तितकी पावसाने मेली नाहीत. आणि तुमची मुलं मोठी झाली असतील तर ते एखाद्या लहान मुलं असलेल्या घराला देऊन टाका, डेटम तपासून.